श्वासाची वाट आणि रुग्णालयाची वाट

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. आज आम्ही ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो त्यातही लढाई आहे. परंतु ती मुलखासाठी नाही, वीतभर लांबीच्या एका वाटेसाठी आहे. नाकातोंडातून घशात आणि घशातून श्वासनलिकेत उतरणारी ही वाट आपण रोज सुमारे वीस हजार वेळा वापरतो आणि तिची आठवण आपल्याला एकदाही होत नाही. आठवण होते ती वाट बंद पडल्यावर. आणि त्या वेळी हाताशी फार थोडा अवधी उरलेला असतो.

ही वाट बंद कशी होते, हे प्रथम पाहू. माणसाची शुद्ध हरपली आणि तो उताणा पडला की त्याच्या जबड्याचे स्नायू सैल पडतात. जीभ ही खालच्या जबड्याला जखडलेली असते. जबडा मागे सरकला की तीही आपल्या भाराने मागे घसरते आणि घशाच्या मागच्या भिंतीला जाऊन टेकते. अर्धवट टेकली तर घोरल्यासारखा आवाज येतो; पुरती टेकली तर आवाजही बंद होतो. छाती वरखाली होताना दिसते, पण हवा आत जात नाही. प्राणवायू मिळेनासा झाला म्हणजे चारसहा मिनिटांत मेंदूला कायमची इजा होऊ लागते. आता चारसहा मिनिटांच्या अंतरावर रुग्णालय असण्याचे भाग्य किती जणांना लाभते, हे आपण आपल्याच गावाकडे पाहून ठरवावे. तेव्हा प्रश्न असा उभा राहतो, की रुग्णालयाची वाट चालत असता श्वासाची वाट कोणी राखायची?

गेल्या पावणेतीनशे वर्षांच्या इतिहासाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले आहे ते आमच्या मते असे: जो जवळ असेल त्याने. परंतु हे साधे उत्तर सापडायला फार उशीर लागला, आणि सापडल्यावरही ते एकदा विसरून पुन्हा शिकावे लागले. हा उशीर का झाला, हेच आजच्या विवेचनाचे सूत्र आहे.

तोंडाचा वारा आणि भात्याचा वारा

१७३२ सालच्या डिसेंबरात स्कॉटलंडमधील अॅलोआ गावच्या कोळशाच्या खाणीतून एका खाणकामगाराला वर काढण्यात आले. खाणीतील आगीच्या धुराने तो गुदमरला होता. श्वास नाही, नाडी नाही. विल्यम टॉसक या शल्यवैद्याने त्याच्या तोंडावर तोंड ठेवून जोराने फुंकर घातली. पहिल्या फुंकरीची हवा नाकावाटे निघून गेली. टॉसकने ते पाहिले, त्याच्या नाकपुड्या दाबून धरल्या आणि पुन्हा फुंकले. या वेळी छाती फुगली. थोड्या वेळाने तो मनुष्य जांभया देऊ लागला आणि काही तासांनी पायी घरी गेला. टॉसकने ही हकीकत १७४४ साली प्रसिद्ध केली. पुढच्याच वर्षी लंडनच्या जॉन फॉदरगिल या वैद्याने रॉयल सोसायटीपुढे तिचे विवेचन करताना सांगितले, की भात्यापेक्षा तोंडाचा वारा बरा. त्याला पैसा लागत नाही, हत्यार लागत नाही आणि शोधाशोध करण्यात वेळ जात नाही. आजही या विषयावर याहून शहाणपणाचे वाक्य क्वचितच सापडेल.

अॅमस्टरडॅम हे कालव्यांचे शहर. तेथे माणसे पाण्यात पडून मरत, म्हणून १७६७ साली तेथील नागरिकांनी बुडालेल्यांना वाचवण्यासाठी एक मंडळी स्थापन केली. तिच्या सूचनांत अंगाला ऊब देणे आणि तोंडाने वा भात्याने वारा भरणे या गोष्टी होत्या, तशीच गुदद्वारातून तंबाखूचा धूर भरण्याची शिफारसही होती. आज त्या धुराचे हसू येते. परंतु त्या मंडळीने एक मोठी गोष्ट केली. निश्चेष्ट पडलेला मनुष्य मेलाच असे धरून चालू नका, आणि वैद्याची वाट पाहत बसू नका, हे तिने सामान्य माणसाला सांगितले. त्यासाठी बक्षिसे लावली. १७७४ साली लंडनमध्ये विल्यम हॉज आणि टॉमस कोगन यांनी तशीच संस्था काढली. पुढे ती रॉयल ह्यूमेन सोसायटी या नावाने प्रसिद्ध झाली.

इतके सगळे जुळून आल्यावर प्रकरण येथेच मिटायला हवे होते. ते मिटले नाही. त्याच सुमारास प्राणवायूचा शोध लागला आणि श्वासावाटे बाहेर पडणारी हवा ही उष्टी, निकस हवा आहे, असा समज पसरला. अशा हवेने दुसऱ्याचा जीव कसा वाचणार? परक्याच्या तोंडाला तोंड लावण्याची किळस होतीच. तोंड मागे पडून भाता पुढे आला. परंतु १८२७ नंतरच्या दोनतीन वर्षांत फ्रान्समध्ये लरॉय देत्योल याने दाखवून दिले, की भात्याने जोर केला तर फुप्फुसे फाटून जनावर मरते. मग भाताही गेला. एका चांगल्या शोधाने दुसऱ्या चांगल्या रीतीचा बळी घेतला, असे येथे खेदाने म्हणावे लागते.

छातीकडे लागलेली नजर

यानंतरची शंभर वर्षे हा या इतिहासातील सर्वांत चमत्कारिक भाग होय. वारा भरायचा नाही असे ठरल्यावर छाती बाहेरून हलवायची, एवढाच मार्ग उरला. १८५६ साली इंग्लंडमधील मार्शल हॉल या वैद्याने रुग्णाला पालथे घालून पुन्हा कुशीवर वळवण्याची पद्धत सांगितली. हॉलची दृष्टी तीक्ष्ण होती. उताण्या माणसाची जीभ मागे पडून घसा बंद होतो, हे त्याने स्पष्ट लिहून ठेवले. रोग्याला ऊब देण्यासाठी दूर वाहून नेण्यात जो वेळ जातो तोच घातक होय, हेही त्याने सांगितले. म्हणजे प्रश्न त्याला नेमका कळला होता. १८५८ साली हेन्री सिल्वेस्टरने उलट रीत काढली: रुग्ण उताणा ठेवावा, त्याचे हात डोक्यावर ओढून पुन्हा छातीवर दाबावेत. १९०३ साली एडिंबरोच्या शेफर या शरीरशास्त्रज्ञाने पालथ्या रुग्णाच्या बरगड्या दाबण्याची, आणि १९३२ साली डेन्मार्कमधील होल्गर नील्सन या लष्करी अधिकाऱ्याने पाठ दाबून कोपरे उचलण्याची पद्धत दिली. शाळांतून, पोलिसांतून आणि बालवीरांच्या पथकांतून लाखो मुलांनी या कवायती पाठ केल्या.

आता याच काळात रुग्णालयाच्या आत काय चालले होते ते पाहू. १८४७ पासून क्लोरोफॉर्मची भूल सुरू झाली आणि बेशुद्ध माणसाची जीभ हा भूल देणाऱ्याचा रोजचा प्रश्न झाला. १८७४ साली नॉर्वेच्या हायबर्ग याने त्याचे उत्तर लिहिले: खालच्या जबड्याच्या दोन्ही कोनांमागे बोटे घालून जबडा पुढे ढकलावा, जीभ आपोआप उचलली जाते. जर्मनीत एस्मार्कने या युक्तीचा प्रसार केला. आपल्या देशातही हे ज्ञान पोहोचले होते. निजामाच्या राज्यात, म्हणजे ज्यात त्या वेळी आपला मराठवाडाही मोडत होता त्या राज्यात, एडवर्ड लॉरी याच्या पुढाकाराने १८८८ आणि १८८९ साली दोन क्लोरोफॉर्म आयोग बसले. शेकडो प्राण्यांवर प्रयोग करून त्यांनी निष्कर्ष काढला, की भूल देताना नाडीवर नव्हे, श्वासावर लक्ष ठेवावे. क्लोरोफॉर्म थेट हृदयाला बाधत नाही, हे त्यांचे मत पुढे चुकीचे ठरले. परंतु श्वास अडखळला तर जबडा मागून पुढे ढकलावा, खालचे दात वरच्या दातांच्या पुढे आणावेत, ही त्यांची सूचना आजही जशीच्या तशी खरी आहे.

म्हणजे पाहा: शस्त्रक्रियेच्या टेबलावर जबडा कसा उचलावा हे हैदराबादेतही ठाऊक होते, आणि नदीकाठी, रस्त्यावर, गिरणीच्या आवारात मात्र बंद घशाच्या माणसाचे हात वरखाली केले जात होते. दाराला कडी असता भिंतींना धक्के देण्यातलाच हा प्रकार. भूलतज्ज्ञांचे ज्ञान रुग्णालयाचा उंबरठा ओलांडून बाहेर आले नाही, कारण ते बाहेर नेणे हे कोणाचेच काम नव्हते. आमच्या मते या शंभर वर्षांचा खरा धडा हाच आहे.

बाल्टिमोरचे मोजमाप

ही कोंडी फोडली ती अमेरिकेतील दोन भूलतज्ज्ञांनी. जेम्स एलम याला १९४६ साली मिनिॲपोलिस येथे पोलिओच्या साथीत एक निळे पडलेले मूल दिसले. त्याने आपले तोंड त्याच्या नाकाला लावून वारा भरला आणि मुलाचा रंग पालटला. १९५४ साली त्याने मोजून दाखवले, की आपल्या उच्छ्वासातील हवा दुसऱ्याच्या रक्तातील प्राणवायू राखायला पुरते. बाहेरच्या हवेत प्राणवायू २१ टक्के असतो. उच्छ्वासात तो १६ टक्क्यांच्या आसपास उरतो. दीडशे वर्षांहून अधिक काळ जिला उष्टी म्हणून टाकले होते त्या हवेत जीव वाचवण्याइतका ऐवज शिल्लक होता.

१९५६ साली एलमची गाठ पीटर साफार याच्याशी पडली. साफार व्हिएन्नाचा, अमेरिकेत येऊन बाल्टिमोरच्या सिटी हॉस्पिटलात भूलविभाग चालवीत होता. त्याच्या ध्यानात एक गोष्ट आली. १९५० च्या सुमारास छाती-पाठ दाबण्याच्या पद्धतींची जी मोजमापे झाली होती, त्यांत स्वयंसेवकांच्या श्वासनलिकेत आधीच नळी घातलेली होती! वाट अगोदरच उघडी करून ठेवल्यावर कोणतीही पद्धत बरी दिसणार. रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या घशात नळी कोण घालून ठेवतो?

तेव्हा साफारने अशा स्वयंसेवकांना हाताशी धरले, की ज्यांनी गुंगीचे आणि स्नायू लुळे पाडणारे औषध घेऊन, घशात नळी नसता, आपला श्वास दुसऱ्याच्या हाती सोपवायला संमती दिली. त्यांच्या धैर्याची नोंद इतिहासाने घ्यायलाच हवी. त्यांच्यावर पूर्वी कधी असे काम न केलेल्या साध्या लोकांनी आळीपाळीने जुन्या पद्धती आणि तोंडाचा वारा वापरून पाहिला. निकाल निर्विवाद लागला. जुन्या पद्धतींत पुष्कळदा हवा आत गेलीच नाही. कारण घसा बंद होता. डोके मागे झुकवून हनुवटी वर उचलली की वाट उघडली, आणि तोंडाच्या वाऱ्याने छाती फुगली. १९५७ ते १९५९ या काळात हे निबंध प्रसिद्ध झाले आणि शंभर वर्षांच्या कवायती अल्पावधीत पुस्तकांतून निघून गेल्या. १९६० साली त्याच बाल्टिमोरमध्ये कौवेनहोव्हेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी छातीच्या मध्यभागी दाब देऊन रक्त खेळते ठेवण्याची रीत प्रसिद्ध केली आणि साफारने दोन्ही गोष्टी एका सूत्रात गुंफल्या. नॉर्वेतील स्टाव्हांगर येथील खेळणी करणाऱ्या ऑस्मुंड लेर्डाल याने त्याच वर्षी शिकण्यासाठी एक बाहुली तयार केली. तिची मान मागे झुकवल्याशिवाय तिच्या छातीत हवा जात नसे. पुस्तकाची पाने जे शिकवू शकत नव्हती ते त्या बाहुलीने जगाला शिकवले.

पिट्सबर्गची गाडी

परंतु ज्ञान असणे वेगळे आणि ते वेळेवर दारात येणे वेगळे. त्या काळी अमेरिकेतील कितीतरी गावांत आजाऱ्याला नेणारी गाडी ही अंत्यसंस्कार करणाऱ्या दुकानदाराची असे, कारण माणूस आडवा झोपवता येईल अशी लांब गाडी त्याच्याचकडे होती. अनेक शहरांत पोलिसांची बंद गाडी येई. गाडीत रुग्णाजवळ बसायला बहुधा कोणी नसे. १९६६ साली साफारची मुलगी दम्याने वारली. ज्याने जगाला श्वास द्यायला शिकवले त्याच्या घरी हे घडले.

पुढच्या वर्षी, १९६७ साली, साफारने पिट्सबर्गमध्ये ‘फ्रीडम हाउस’ या संस्थेबरोबर एक सेवा उभी केली. हिल डिस्ट्रिक्ट या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील तरुण निवडले. त्यांतील अनेकांना कामधंदा नव्हता. त्यांच्यावर कोणी भरवसा ठेवत नव्हते. त्यांना सुमारे तीनशे तासांचे कसून शिक्षण दिले. श्वासाची वाट उघडणे, पिशवी आणि मुखवट्याने वारा भरणे, आणि पुढे प्रत्यक्ष श्वासनलिकेत नळी घालणे, ही कामे या तरुणांनी लोकांच्या घरात, जिन्यात आणि रस्त्यावर केली. १९७४ पासून नॅन्सी कॅरोलिन या डॉक्टरबाईंनी त्यांची धुरा वाहिली. त्या अनुभवातून तयार झालेला अभ्यासक्रम पुढे साऱ्या देशाने घेतला. १९७५ साली मात्र शहराने आपली वेगळी सेवा सुरू करून ‘फ्रीडम हाउस’ बंद केली, आणि त्या तरुणांपैकी बहुतेकांना नव्या व्यवस्थेत टिकता आले नाही. ज्यांनी वाट घालून दिली त्यांनाच वाटेवरून दूर व्हावे लागले, हा या इतिहासातील कलंक आहे. तथापि त्यांनी एक गोष्ट कायमची सिद्ध केली: श्वास राखण्याचे कौशल्य पदवीच्या कागदात नसते, शिकवणुकीत आणि सरावात असते.

नळीचा मोह

यानंतर पाश्चात्त्य देशांत रुग्णवाहिकेतील शिक्षित कर्मचारी सर्रास श्वासनलिकेत नळी घालू लागले. नळी बसली म्हणजे वाट पक्की. उलटी झाली तरी ती फुप्फुसात उतरत नाही. रुग्णालयात ती उत्तम ठरली होती. मग बाहेरही ती उत्तमच असणार, असे सर्वांनी गृहीत धरले. येथे जुनाच दोष पुन्हा शिरला. मोजून कोणी पाहिले नव्हते.

मोजले तेव्हा डोळे उघडले. २००० साली लॉस अँजेलिसच्या परिसरातील ८३० मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रस्त्यात नळी घातलेल्या मुलांपेक्षा केवळ पिशवी आणि मुखवट्याने वारा दिलेली मुले कमी वाचली असे आढळले नाही. २००१ साली फ्लॉरिडातील ओरलँडो येथे रुग्णालयाच्या दारातच नळ्या तपासण्यात आल्या. १०८ रुग्णांपैकी २७ जणांची नळी जागेवर नव्हती, आणि त्यांतल्या बहुतेकांची ती अन्ननलिकेत गेलेली होती. म्हणजे वारा भरला जात होता तो पोटात. पुढे उच्छ्वासातील कर्बवायू सतत मोजणारे यंत्र नळीला जोडू लागले. अन्ननलिकेतून तो वायू तसा येत राहत नाही, त्यामुळे चूक लगेच उघडी पडते. जेथे हे यंत्र सतत वापरले तेथे असा घात जवळजवळ नाहीसा झाला.

दरम्यान इंग्लंडच्या आर्ची ब्रेन याने १९८१ साली एक वेगळेच साधन घडवले. ते श्वासनलिकेत न शिरता तिच्या तोंडावर टोपीसारखे बसते. ते बसवायला घशात डोकावून पाहावे लागत नाही. २०१८ साली इंग्लंडमध्ये हृदय थांबलेल्या ९,२९६ रुग्णांवर, नळी आणि याच जातीचे एक साधन, यांची तुलना प्रसिद्ध झाली. चांगल्या स्थितीत वाचणाऱ्यांचे प्रमाण नळीच्या गटात ६.८ आणि दुसऱ्या गटात ६.४ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखे निघाले. त्याच वर्षी अमेरिकेतील ३,००४ रुग्णांच्या तुलनेत तर तशाच सोप्या साधनाची बाजू किंचित वरचढ ठरली. नळी वाईट, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. निष्णात हाती ती आजही मोलाची आहे. परंतु वाट उघडणे हे साध्य आणि नळी हे साधन, हा विवेक सुटला की साधन जिंकते आणि रोगी हरतो.

आपल्या दारात

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली आणि गाडीत डॉक्टर असेल अशी योजना करण्यात आली. अपघातग्रस्ताला मदत केली तर पोलिसचौकशीचा ससेमिरा मागे लागतो, ही भीती होती. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यातच त्याची तरतूद झाली. तेव्हा ‘नको ती भानगड’ म्हणून बाजूला होण्याला आता कायद्याचाही आधार राहिलेला नाही.

तरी गाडी येईपर्यंतची मिनिटे आपलीच असतात. आणि त्या मिनिटांत आपण काय करतो? कोणी पडला की भोवती कोंडाळे होते. एक जण धावत जाऊन उशी आणतो आणि मायेने डोक्याखाली सारतो. दुसरा पेलाभर पाणी आणून तोंडात घालतो. तिसरा कांदा हुंगवतो. यात दुष्टावा कोणाचाच नाही. परंतु उशीने मान पुढे वाकते, हनुवटी छातीला लागते, म्हणजे साफारने जे करायला सांगितले त्याच्या नेमके उलट होते. बेशुद्ध माणसाला गिळता येत नाही. तोंडात घातलेले पाणी श्वासनलिकेत उतरते. मरणाऱ्याच्या मुखी पाणी घालण्याचा आपला संस्कार मोठा आहे; पण जो मरणारा नाही त्याला त्या पाण्याने मरणाकडे लोटू नये.

करायचे ते फार थोडे आहे. १०८ ला कळवावे. उशी काढावी. एक हात कपाळावर ठेवून डोके मागे झुकवावे, दुसऱ्या हाताच्या बोटांनी हनुवटी वर उचलावी. मानेला इजा झाल्याचा संशय असेल तर मान न झुकवता जबडाच कोनांमागून पुढे ढकलावा. श्वास नीट चालू असेल आणि इजेचा संशय नसेल तर कुशीवर वळवावे, म्हणजे जीभ आणि उलटी दोन्ही बाजूला होतात. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी जोराने आणि जलद दाब द्यावा. मोठ्या माणसाच्या बाबतीत २०१० पासून हाच क्रम पुढे ठेवला आहे. बुडालेल्याला मात्र आजही प्रथम श्वासच द्यावा. हे सारे एका दुपारी शिकता येते. ऐकून येत नाही, बाहुलीवर हात ठेवूनच येते.

अॅमस्टरडॅमच्या नागरिकांनी आपल्या कालव्यांकडे पाहून १७६७ साली मंडळी काढली. ते काही वैद्य नव्हते. आपल्या गावालाही नदी आहे, घाट आहे, महामार्ग आहे. येथे व्याख्यानाला जमणारा समाज मनावर घेईल तर प्रत्येक आळीत, प्रत्येक शाळेत चार माणसे तरी हनुवटी उचलायला शिकलेली असणे अशक्य नाही. रुग्णालयाची वाट सरकारने बांधावी, रुंद करावी, तिच्यावर गाड्या धावत्या ठेवाव्यात. ती मागणी आपण करतच राहू. श्वासाची वाट मात्र आपल्यापैकी जो जवळ असेल त्यानेच उघडली पाहिजे.